प्लास्टिकच्या जाळीवर लोकरकाम: पहिल्या किचेनपासून संक्रांतीच्या वाणापर्यंत

दोन वर्षांपूर्वी मी ठरवलं, यंदा संक्रांतीच्या वाणाला स्टीलची वाटी द्यायची नाही. आमच्या गल्लीत प्रत्येकीच्या घरी दुसऱ्या प्रत्येकीनं दिलेल्या वाट्यांची चळत आहे. हातानं केलेलं काहीतरी द्यावं म्हणून प्लास्टिकच्या जाळीवर लोकरीचे, कपाखाली ठेवायचे कोस्टर करायला घेतले. पहिल्या महिन्यात दोन शीट वाया गेले, एक डबी तिरपी झाली आणि एका कोस्टरवर इस्त्री फिरवली तर जाळी वितळून इस्त्रीलाच चिकटली.

सासूबाई हे सगळं खुर्चीवरून बघत होत्या. त्यांनी स्वतःच्या रुखवतासाठी याच जाळीवर पोपटांचं तोरण केलं होतं. तिसऱ्या आठवड्यात त्या एवढंच म्हणाल्या, "टाके चांगलेच घालून राहिली तू. पण मोजून घे ना बाप्पा आधी." तेव्हा कळलं की माझे निम्म्याहून जास्त घोळ सुई हातात घेण्याच्या आधीचे होते. म्हणून या लेखात टाक्यांपेक्षा मोजण्यावर आणि कापण्यावर जास्त लिहिलंय. ज्यांना आधीपासून भरतकाम येतं त्यांनीही तो भाग वगळू नये. उलट त्यांनीच तो नीट वाचावा, कारण पुढे दिसेलच.

दोन शब्द आधी ठरवून घेऊ. जाळीतल्या चौकोनी भोकाला मी 'घर' म्हणते आणि दोन घरांमधल्या प्लास्टिकच्या काडीला 'दांडी'.

१. सामान, आणि ते दुकानात मागायचं कसं

नागपुरात बर्डीवरच्या पहिल्या दुकानात मी "प्लास्टिक कॅनव्हास द्या" म्हटलं तर भाऊंनी पेंटिंगचा कॅनव्हास काढून ठेवला. पुढच्या दुकानात नुसती "जाळी" मागितली, तर खिडकीला लावायची मच्छरजाळी आली. "लोकरीनं भरायची प्लास्टिकची जाळी, तोरणं करतात ती" असं म्हणा, म्हणजे लगेच कळतं. इतवारी आणि महालात लोकर, लेस, मणी, टिकल्या विकणारी जी दुकानं आहेत तिथे विचारा. स्टेशनरीच्या दुकानात फिरून पाय दुखवून घेऊ नका. जुन्या तोरणाचा एखादा तुकडा घरात असेल तर तोच पिशवीत टाकून न्या.

लागतं ते एवढं:

- जाळी: नवख्यांनी एका इंचात ७ घरं असलेलीच घ्यावी. १० आणि १४ घरांचीही मिळते, ती बारीक कामाला. त्यात नेहमीची लोकर मावत नाही. ७ घरांचा शीट साधारण साडेदहा बाय साडेतेरा इंचांचा असतो, म्हणजे ७० बाय ९० घरं. दुकानातच पट्टी लावून एका इंचातली घरं मोजा. पाकीट फोडायला नाही म्हणाले तर वरूनच मोजता येतं.
- लोकर: चारपदरी ॲक्रिलिक, स्वेटरला वापरतात ती. खरी मेंढीची लोकर इथे लागत नाही. बेबी वूल पातळ पडते, टाक्यांतून जाळी दिसते.
- सुई: बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची, १६ नंबर. १८ नंबरही चालते. नंबर वाढला की सुई बारीक होते, हे उलटं गणित लक्षात ठेवा. दुकानात "स्वेटर शिवायची सुई" म्हटलं की मिळते.
- कात्र्या दोन: एक जाळीसाठी, एक लोकरीसाठी. प्लास्टिकनं धार जाते आणि मग लोकर कापली न जाता चघळली जाते.
- नेलकटर: याचं काम पुढे सांगते.
- मुलांची चौकटीची गणिताची वही, पेन्सिल, रंगीत खडू.
- मागून लावायला फेल्टचा (दाबून केलेल्या जाड, मऊ कापडाचा) तुकडा, आणि किचेनच्या कड्या.

लोकर घेताना गुंड्यावरच्या पट्टीवर छापलेला लॉट नंबर बघा. एकाच कामासाठीचे सगळे गुंडे एकाच लॉटचे घ्या. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दोन पिवळे सारखे दिसतात. घरी गच्चीत नेले की एक हळदीचा निघतो आणि एक लिंबाचा.

२. आधी वहीत मोजा

मॅटीवर, म्हणजे चौकटीच्या विणीच्या कापडावर, फुल्यांचं भरतकाम केलेल्यांची फसगत इथेच होते. मॅटीच्या नमुन्यात कागदावरचा एक चौकोन म्हणजे एक फुली. जाळीच्या नमुन्यात बहुतेक वेळा कागदावरची रेघ म्हणजे दांडी आणि चौकोन म्हणजे रिकामं घर. टाका घरात बसत नाही, तो उभी आणि आडवी दांडी जिथे एकमेकींना छेदतात त्या फुलीवर बसतो. एका घरातून वर, तिरप्यातल्या घरातून खाली.

याचा परिणाम असा की तुकड्याला २८ घरं असतील तर एका ओळीत टाके २७ बसतात. काठाच्या दांड्या मोकळ्या राहतात, त्या शेवटी काठ भरताना झाकल्या जातात. टाके म्हणजे घरं वजा एक. मी हे वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय, कारण त्या पहिल्या महिन्यात माझं प्रत्येक फूल एका टाक्यानं उजवीकडे सरकलेलं होतं.

इंचाचा हिशोब सोपा आहे. हवे तितके इंच गुणिले सात. चार इंचांचा कोस्टर म्हणजे २८ घरं. दोन इंचांचं किचेन म्हणजे १४.

एका शीटमध्ये किती तुकडे निघतील हेही वहीतच बघा. दोन तुकड्यांच्या मध्ये घरांची एक ओळ कापण्यात जाते, कारण प्रत्येक तुकड्याला काठाची स्वतःची अख्खी दांडी लागते. २८ घरांचे कोस्टर: ९० घरांच्या बाजूला तीन बसतात (२८ त्रिक ८४, अधिक मधल्या २ वाया, एकूण ८६). ७० च्या बाजूला दोन (५६ अधिक १, एकूण ५७). म्हणजे एका शीटमध्ये सहा कोस्टर, वर १२ घरं रुंदीची लांब पट्टी उरते. ती फेकू नका. तिच्यातून ४२ घरं लांबीच्या दोन पुस्तकखुणा निघतात.

३. कापणं

कुठे कापायचं ते जाळीवर स्केचपेननं आखू नका, मार्करनं तर नाहीच. काळ्या मार्करची रेघ पुढे पांढऱ्या लोकरीत उतरते. पहिल्या धुण्यात माझ्या दोन कोस्टरांना राखाडी कडा आल्या. खडूनं खूण करा, नाहीतर वेगळ्या रंगाचा लोकरीचा धागा त्या ओळीतून ओवून घ्या. धागा सगळ्यात चांगला. तो पुसला जात नाही आणि मोजलेलं पुन्हा मोजायला लागत नाही.

आता कापा. दांडीवरून कापायचं नाही. तुमच्या तुकड्याची शेवटची दांडी अख्खी ठेवून, तिच्या पलीकडच्या घरांमधून कात्री चालवायची. कापल्यावर काठाला छोटे छोटे खुंट राहतात. ते नेलकटरनं दांडीला लागून उडवा. कात्रीनं हेच काम केलं तर एखाद्या खुंटाबरोबर दांडीला चीर जाते, आणि ती चीर काठ भरताना नेमकी तुटते. खुंट तसेच ठेवले तर लोकर त्यात अडकून फुलते. काठावरून बोट फिरवून बघा, कुठेही टोचता कामा नये. मुलांच्या हातात जाणारी वस्तू असेल तर दोनदा फिरवा. उडालेले खुंट फरशीवरून झाडून घ्या, अनवाणी पायाला ते चांगलेच बोचतात.

एकाच मापाचे तुकडे कापून झाले की सगळे एकावर एक रचून खिडकीसमोर धरा. घरांतून उजेड आरपार दिसला पाहिजे. कुठे एक घर कमी-जास्त असेल तर तिथे लगेच दांडी आडवी येते. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. मी हे एकदा केलं नाही, ती गोष्ट नवव्या पायरीत सांगते.

४. ओवणं आणि सुरुवात

लोकर एका वेळी एक हात घ्या, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, साधारण १८ इंच. सरावल्यावर दोन हात चालते. त्याहून लांब घेतली की प्रत्येक वेळी जाळीतून घासत घासत शेवटच्या टाक्यांपर्यंत ती पिंजलेली दिसते.

ओवताना टोक जिभेवर ओलं करू नका. ते शिवणाच्या दोऱ्याला ठीक, लोकर त्यानं आणखी फुलते. लोकर सुईवर दुमडा, ती घडी चिमटीत घट्ट दाबून सुई काढून घ्या, आणि नेढं त्या दाबलेल्या घडीवर खाली दाबा. घडी आपोआप आत जाते. पहिल्या दहा वेळा जमणार नाही, अकराव्या वेळी बोटांना कळतं.

गाठ मारायची नाही. कोस्टरखाली गाठ राहिली की कप डुगडुगतो. मागे इंचभर टोक सोडून ते बोटानं धरा आणि पुढचे पाच-सहा टाके त्या टोकावरून जाऊ द्या. संपवतानाही तसंच, सुई मागच्या पाच-सहा टाक्यांखालून ओढून घ्या आणि कापा. रंग बदलताना मागून लोकर तीन-चार घरांपेक्षा लांब नेऊ नका, कापून नव्यानं सुरू करा.

५. दोन टाके पुरेत

टाक्यांचे पुष्कळ प्रकार आहेत. भेटवस्तूंसाठी दोन आले की वर्ष निघतं.

पहिला तिरपा टाका. याला कॉन्टिनेंटल म्हणतात. उजवीकडून डावीकडे जायचं. एका घरातून सुई वर काढा, त्याच्या वरच्या ओळीतल्या, उजवीकडच्या घरात खाली घाला. झाला एक टाका. पुढचा टाका आधी जिथून सुई वर आली होती त्याच्या डावीकडच्या घरातून वर काढायचा. ओळ संपली की अख्खी जाळी पालथी न करता तशीच फिरवा, वरचा काठ खाली येईल अशी, आणि पुन्हा उजवीकडून डावीकडे. टाक्याचा कल तोच राहतो. सुई वर काढताना आधीच्या टाक्याची लोकर भोसकू नका, ती चिरली की उसवताना फार त्रास देते. डावखुरे असाल तर नमुना उलटा धरा आणि डावीकडून उजवीकडे जा, पण सुई वरच्या, उजवीकडच्या घरातून वर काढून खालच्या, डावीकडच्या घरात घाला.

एक सापळा आहे. काहीजण नकळत हाच टाका डावीकडून उजवीकडे, मागे सरळ खाली उतरत घालतात. समोरून दोन्ही सारखेच दिसतात. दुसऱ्याला हाफ क्रॉस म्हणतात, त्यात लोकर कमी लागते पण जाळी नीट झाकली जात नाही. तुमचा कोणता होतोय ते बघायला तुकडा उलटा करा. मागे लांब तिरप्या रेघा दिसल्या तर बरोबर. मागे आखूड उभ्या रेघा दिसल्या तर हाफ क्रॉस झालाय. अर्धं असं आणि अर्धं तसं केलं की कोस्टर अर्धा गुबगुबीत आणि अर्धा रोड दिसतो. माझ्या शेजारच्या काकूंनी असा अख्खा सेट केला, आणि दोष लोकरीला दिला.

दुसरा चौकडीचा टाका, इंग्रजीत स्कॉच स्टिच. चार घरं आडवी आणि चार उभी, एवढ्या चौकोनात पाच तिरपे टाके:

- पहिला: डावीकडच्या उभ्या ओळीतल्या वरून दुसऱ्या घरातून वर, वरच्या ओळीतल्या दुसऱ्या घरात खाली.
- दुसरा: डावीकडच्या तिसऱ्यातून वर, वरच्या ओळीतल्या तिसऱ्यात खाली.
- तिसरा: डावीकडच्या चौथ्यातून, म्हणजे खालच्या कोपऱ्यातून, वरच्या उजव्या कोपऱ्यात. हा सगळ्यात लांब.
- चौथा: खालच्या ओळीतल्या दुसऱ्या घरातून, उजव्या उभ्या ओळीतल्या दुसऱ्यात.
- पाचवा: खालच्या ओळीतल्या तिसऱ्यातून, उजव्या ओळीतल्या तिसऱ्यात.

लहान, मध्यम, मोठा, मध्यम, लहान. शेजारची चौकडी आधीच्या चौकडीची काठची घरंच वापरते. एक चौकडी उजवीकडे झुकलेली आणि शेजारची डावीकडे, असं आलटून पालटून केलं की एकाच रंगातही उजेडात बुद्धिबळाच्या पटासारखं दिसतं. मला हा टाका तिरप्यापेक्षा जास्त आवडतो, हे इथे मान्य करून टाकते. फक्त पर्सवगैरेवर नको, लांब टाके बांगडीत अडकतात.

दोन्ही टाक्यांत ताण सारखा ठेवा. घट्ट ओढलं की लोकर बारीक होऊन दांड्या डोकावतात, ढिलं ठेवलं की लोंबतं. लोकर फुलीवर गुबगुबीत बसली पाहिजे. दहा-बारा टाके झाले की जाळी उचलून सुई खाली लोंबती सोडा. पीळ पडलेला असतो, सुई गरागरा फिरते आणि तो सुटतो.

६. पहिली वस्तू: संत्र्याचं किचेन

थेट कोस्टरवर उडी मारू नका. मी मारली होती. आधी हे करा, उरल्यासुरल्या लोकरीतही होतं.

१४ घरं रुंद आणि १६ घरं उंच तुकडा कापा. म्हणजे आडवे १३ टाके आणि उभ्या १५ ओळी, एकूण १९५ टाके, सगळे तिरपे. केशरी, हिरवा आणि मागच्या रंगासाठी पांढरा किंवा फिका पिवळा.

वरून पहिली ओळ सगळी मागच्या रंगाची. दुसऱ्या ओळीत डावीकडून मोजून ८, ९ आणि १० हे टाके हिरवे, हे पान. तिसऱ्या ओळीत ७ आणि ८ हिरवे, त्यातला ७ वा अगदी मधला, तो देठ. चौथ्या ओळीपासून चौदाव्यापर्यंत संत्रं, आणि प्रत्येक ओळीत केशरी टाके मधोमध असे: ५, ७, ९, मग पाच ओळी ११, मग ९, ७, ५. पाच असतील तेव्हा दोन्ही बाजूंना चार-चार टाके मागच्या रंगाचे, सातला तीन-तीन, नऊला दोन-दोन, अकराला एक-एक. पंधरावी ओळ पुन्हा सगळी मागच्या रंगाची.

केशरी टाके ९७ झाले पाहिजेत, हिरवे ५. आधी संत्रं भरून घ्या, मग पान, सगळ्यात शेवटी मागचा रंग. केशरी मोजून ९७ आले नाहीत तर मागचा रंग सुरूच करू नका. एक ओळ चुकली की संत्र्याचं लिंबू होतं, आणि नागपुरात ते कोणी खपवून घेणार नाही.

७. काठ भरणं

काठाची मोकळी दांडी झाकायची. सुई मागून पुढे, काठावरून वळसा, पुन्हा मागून पुढे, प्रत्येक घरात एक टाका. कोपऱ्याच्या घरात तीन टाके, पंख्यासारखे पसरून. कोपऱ्याला एकच टाका घातला तर प्लास्टिकचं पांढरं टोक बाहेर राहतं, आणि बघणाऱ्याची नजर नेमकी तिथेच जाते.

काठाला गडद रंग घ्या. फिक्या काठावर हाताचा मळ लवकर दिसतो. काठ अर्ध्यात असताना लोकर संपणार असं वाटलं तर कोपऱ्यावर बदलू नका, सरळ बाजूच्या मध्यावर बदला.

किचेनला मागून फेल्ट लावा. फेल्ट तुकड्यापेक्षा किंचित लहान कापा आणि साध्या दोऱ्यानं काठाच्या टाक्यांना टाचून घ्या. गोंदाच्या भानगडीत मी पडत नाही. पांढरा गोंद प्लास्टिकला नीट धरत नाही, आणि गरम गोंदाची बंदूक जास्त तापली तर जाळी मऊ पडते. वरच्या कोपऱ्याच्या घरातून लोकरीचा दुहेरी फास काढून त्यात कडी अडकवा.

८. कोस्टर

२८ बाय २८ घरं, म्हणजे २७ बाय २७ फुल्या. चौकडीच्या टाक्याची एक चौकडी तीन फुल्यांची, त्यामुळे आडव्या नऊ आणि उभ्या नऊ बरोबर बसतात, एकूण ८१ चौकड्या. मी २८ हे माप यासाठीच धरलंय. ३० धरलं असतं तर २९ फुल्यांत तिनाचा भाग जात नाही आणि काठाला तुटक चौकड्या भरत बसावं लागतं. तुम्हाला वेगळं माप हवं असेल तर घरांतून एक वजा करून तीननं भाग जातो का ते बघा: २२, २५, ३१ चालतील.

अख्खा कोस्टर तिरप्या टाक्यानं भरला तर ७२९ टाके होतात, चौकडीनं ४०५. माझ्या मोजणीत चौकडीच्या कोस्टरला काठासकट साधारण १२ मीटर लोकर लागते, तिरप्याला १५. तुमचा हात माझ्यापेक्षा ढिला असेल तर थोडी जास्त धरा. गुंड्याच्या पट्टीवर मीटर छापलेले असतात, भागून बघा.

चहाच्या कपाखाली हा कोस्टर बिनधास्त चालतो. गॅसवरून उतरवलेली कढई किंवा तवा मात्र यावर कधीच ठेवू नका. खाली प्लास्टिक आहे, ते मऊ पडून लोकरीसकट कढईला चिकटतं. भेट देताना हे सांगा, कारण घेणारी हमखास म्हणते, "मोठा करून दे ना, कुकरखाली ठेवायला."

९. तुकडे जोडणं: परडी आणि नंदीची झूल

दोन तुकड्यांचे काठ एकत्र धरून दोघांमधून एकाच वेळी वळशाचे टाके घालायचे, एवढंच जोडकाम आहे. घराला घर लागलं पाहिजे.

तिळगुळाच्या छोट्या परडीला तळ १४ बाय १४ घरं, आणि १४ बाय १० घरांच्या चार बाजू. आधी पाचही तुकडे सपाट असतानाच भरून घ्या, मग जोडा. वरचा काठ जोडल्यानंतर भरा. माझी पहिली परडी तिरपी झाली ती इथे. चार बाजूंपैकी एक मी १३ घरांची कापली होती, आणि ते कळलं कधी, तर शेवटचा कोपरा जोडताना एका बाजूला एक घर उरलं तेव्हा. म्हटलं ओढून बसवू. कापड ओढलं तर सरकतं. प्लास्टिक सरकत नाही, अख्खी परडी पिळवटली. उसवायला रात्रीचे अकरा वाजले. सासूबाईंनी ती पिळलेली परडीच मागून घेतली आणि त्यात आता त्यांच्या गोळ्या असतात.

झाकण करायचं असेल तर ते तळापेक्षा दोन-तीन घरं मोठं धरा, लोकरीची जाडी जागा खाते. पण पहिल्या खेपेला झाकण नको.

तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं मिरवतात त्या लाकडी नंदीसाठी झूल मात्र जरूर करा. पोट्ट्यांना ती फार आवडते आणि काम एका संध्याकाळचं. नंदीच्या पाठीवरून दोऱ्यानं माप घ्या, मधल्या कण्यापासून पोटापर्यंतची उंची आणि पाठीची लांबी. त्या मापाचे दोन तुकडे कापून भरा, काठ भरा, आणि फक्त वरच्या कडेला दोघांना ढिल्या टाक्यांनी जोडा. ढिले टाके बिजागरीसारखे वाकतात आणि झूल दोन्ही बाजूंनी पडते. घट्ट जोडली तर ती नंदीच्या पाठीवर पुस्तकासारखी उभी राहते. खालच्या काठाला घुंगरं किंवा मणी टाचता येतात. पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात माप घ्यायला बसू नका, तोवर नंदी दुकानात गेलेला असतो रंगवायला.

१०. धुणं आणि नागपूरचा उन्हाळा

थंड पाणी, साधा साबण, हातानं. पिळायचं नाही, टॉवेलवर दाबून सावलीत सपाट ठेवायचं. वॉशिंग मशीनच्या ड्रायरमध्ये नको. इस्त्री तर नाहीच, माझ्या इस्त्रीची कहाणी वर आली आहे.

मे महिन्यात तयार वस्तू गाडीच्या डिकीत ठेवून बाजारात जाऊ नका. दुपारभर उन्हात उभ्या गाडीत माझे चार कोस्टर होडीसारखे वाकले. सपाट फरशीवर जाड पुस्तकांखाली तीन दिवस ठेवले तेव्हा बरेचसे सरळ झाले, एक झाला नाही. उन्हाळ्यात काम करायचंच असेल तर सकाळी करा. दुपारी घामेजल्या हाताला ॲक्रिलिक चिकटतं, आणि कूलरसमोर बसलं की लोकरीचा गुंडा खोलीभर पळतो.

११. वाणाचं गणित

आता २५ जणींचं वाण धरू, प्रत्येकीला एक कोस्टर. एका शीटमध्ये सहा, म्हणजे पाच शीट, पाच कोस्टर जास्तीचे निघतील. ते लागतात, ऐनवेळी एखादी पाहुणी सोबत येतेच. ३० कोस्टरांना १२ मीटरप्रमाणे ३६० मीटर लोकर, त्यावर एखादा गुंडा जास्त, सगळा एका लॉटचा, एकाच दिवशी घेतलेला.

वेळ: हात बसल्यावर मला एका कोस्टरला भरायला दीड तास आणि काठाला अर्धा तास लागतो. तीस कोस्टर म्हणजे साठ तास. रोज एक तास बसलात तर दोन महिने. संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला, तेव्हा दिवाळीचा फराळ संपला की जाळी आणायला निघा. १ जानेवारीला सुरू करून मी पहिल्या वर्षी नऊच पूर्ण केले आणि उरलेल्या सोळा जणींना शेवटी स्टीलच्या वाट्याच दिल्या. तुमचेही थोडे राहिले तर हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं. ज्या उशिरा येतात हे माहीत आहे, त्यांची यादी वेगळी करून त्यांचे कोस्टर शेवटी भरा.